बाहेरून आलेलं अपील

डोळ्यांनी पाहिलेलं पोटात ठेवून निवांत बसण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. परंड्याच्या एका शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि मुलींच्या बेसबॉलचे अंपायर. या खेळात एक गमतीचा नियम आहे. धावणारीनं वाटेतल्या प्रत्येक बेसला, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीला, पाय लावायचा असतो; तो लागला नाही, हे अंपायरनं पाहिलं तरी त्यानं तोंड उघडायचं नाही. समोरच्या संघानं चेंडू घेऊन त्या बेसवर पाय ठेवायचा, अपील करायचं, मगच आऊट. साडूंनी हा नियम थेट घरी आणला. आमटीत मीठ नाही हे पहिल्या घोटाला कळूनही ते दोन वाट्या आमटी पीत. एकदा मला कुर्डुवाडीला जायचं होतं. घाईत मी बसमध्ये चढलो, साडूंनी खिडकीतून पिशवी दिली, हातही हलवला. गाडी बार्शीची होती. पुढं जाब विचारला तर म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही विचारलं कुठं?"

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आम्हा सगळ्यांची अक्का. प्रत्येक मॅचला ती त्यांचा डबा घेऊन यायची आणि लिंबाखाली मेथी निवडत बसायची. तिला खेळातलं काही कळत असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्या वर्षी फायनल परंडा आणि तेरच्या मुलींत लागली. मी गुण लिहायला बसलो होतो. बरोबरी होती, शेवटचा डाव, तेरची बॅटिंग, दोन आऊट. तेरच्या एका पोरीनं चेंडू पार कुंपणापर्यंत मारला आणि दुसऱ्या बेसवर उभी असलेली तिची जोडीदारीण वाऱ्यासारखी धावत, तिसरा बेस ओलांडून होम बेसवर पोचली. एका धावेनं तेर जिंकलं! पोरी नाचायला लागल्या. परंड्याच्या पोरी मान खाली घालून उभ्या. साडू मात्र जागचे हलेनात. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, "अगं ए, तिचा पाय तिसऱ्या बेसला लागलाच न्हाय! बॉल घ्या अन् अपील करा की!"

अक्का उभी होती. मांडीवरची मेथी मातीत.

परंड्याच्या कॅप्टननं चेंडू घेतला, तिसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि हात वर केला. "सर, अपील!"

तेरच्या खेळाच्या बाई तावातावानं आत आल्या. "हे चालायचं न्हाय सर! पोरींनी कुठं पाहिलं? बाहेरून सांगितलंय, अन् तेही तुमच्याच घरातून!"

सगळं मैदान साडूंकडं बघायला लागलं. आऊट दिलं तर बायकोचं ऐकलं, नाही दिलं तर डोळ्यांनी पाहिलेलं खोटं. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली.

"बाई, अपील खेळाडूनं केलंय. तिच्या कानात कुणी काय सांगितलं, हे मी बघायचं न्हाई. पाय लागला का, एवढंच मी बघायचं. न्हाई लागला. आऊट!" मग ते लिंबाकडं वळले. "अन् बाहेरून बोलणाऱ्या प्रेक्षकांनी आता मैदानाबाहेर जावं."

अक्का गेली. डबा घेऊन गेली.

जादा डाव झाला. तिसरा बेस चुकलेल्या तेरच्या त्याच पोरीनं प्रत्येक बेसवर दणादण पाय आपटत धाव काढली आणि तेर जिंकलं. सगळ्यात जोरात टाळ्या परंड्याच्या पोरींनी वाजवल्या. तेरच्या बाई जाताना साडूंना एवढंच म्हणाल्या, "सर, वहिनींना पुढच्या वर्षी आमच्याकडं बसवा."

फाटकाबाहेर अक्का गाडीला टेकून उभी होती. माझ्यासमोरच तिनं विचारलं, "माझं चुकलं का हो?"

"बोलायला नको हुतं," साडू म्हणाले. मग डब्याचं झाकण काढता काढता हळूच, "पर तेवढ्या लांबून तुला पाय दिसला?"

"पंचवीस वर्षं बघतेय की."

साडूंचा घास हातातच राहिला. बायकोकडं ते असे बघत होते, जणू आजच ओळख झाली. मी उगाच गुणांची वही चाळत बसलो.

आता साडू निवृत्त झालेत, नजरही अधू झालीय. तरी मुलींची मॅच असली की दोघं लिंबाखाली येऊन बसतात. चेंडू कुठं गेला, कोण कुठवर पळालं, हे अक्का त्यांच्या कानाशी लागून सांगत असते, आणि साडू डोळे मिटून सगळी मॅच बघतात.