व्यवसाय : मजूर

सरांनी माझं पुस्तक दोन बोटांत धरून वर उचललं. चिघळलेल्या जखमेवरची पट्टी उचलावी तसं.

"आ चोपडी क्यांथी उपाडी? पस्तीमांथी?"

मेडिसिनचा पुरुष वॉर्ड, सकाळचा राऊंड. कॉटभोवती आम्ही शेवटच्या वर्षाचे बारा विद्यार्थी. दम्याच्या रुग्णाला काय द्याल, असं सरांनी विचारलं होतं. मी जे औषध सांगितलं ते जुनं होतं. आता ते आधी देत नाहीत. कुठं वाचलंस, असं त्यांनी विचारलं आणि मी पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं.

पस्ती म्हणजे रद्दी. पुस्तक खरंच रद्दीतलं होतं. सर चुकले नव्हते. औषधाबाबतही चुकले नव्हते. हे आधीच सांगून टाकते.

त्यांनी पुस्तक रुग्णाच्या मांडीवर टाकलं. "काकाने आपी दे. पवन नाखवा काम लागशे." वारा घालायला उपयोगी पडेल.

सगळे हसले. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेला तो माणूसही हसला. त्याला काही कळलं असेल असं नाही. मोठे साहेब हसले म्हणून तो हसला. हसता हसता त्याला ढास लागली.

मीही हसले.

ते पुस्तक माझ्या वडिलांनी आणलं होतं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. धुळ्याकडून सुरतेला आले ते विशीत. आमची खोली बमरोलीत, आणि आबा पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये. मिलमध्ये रंग कालवायच्या खोलीला कलर किचन म्हणतात. तिथं रंगाची पावडर पिंपात टाकून घोटायचं काम आबांचं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. गुजराती पाट्या वाचण्याइतकी यायची.

मला शेवटच्या वर्षाला मोठं पुस्तक लागणार, हे त्यांनी ऐकलं होतं. मला न सांगता ते जुन्या बाजारात गेले. तिथं मेडिसिनची तीन पुस्तकं होती. दोन कोरी दिसत होती. तिसऱ्याचा पुठ्ठा सुटलेला, पानापानाला पेन्सिलच्या खुणा, कडेला चहाचे डाग. आबांनी तिसरं उचललं.

घरी आल्यावर माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हाई पुस्तक भलतं चांगलं शे. पह्य ना, कितलं वापरेल शे!"

मी आवृत्ती पाहिली. किती तरी जुनी. पण आबा कसे निवडत होते ते मला कळलं. कलर किचनमध्ये रंग ठरवणाऱ्या मास्तरच्या, मापं लिहिलेल्या दोन डायऱ्या असतात. एक स्वच्छ, साहेबांना दाखवायची. दुसरी डागाळलेली. शेड जुळवायची तर मास्तर डागाळलेलीच उघडतो. ज्या पानावर जास्त डाग, त्या पानाचा रंग पक्का. सगळी हयात त्या खोलीत काढलेला माणूस पुस्तकही तसंच निवडणार.

वॉर्डातल्या त्या दिवसानंतर मी ते पुस्तक पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली घातलं. आबा विचारायचे, "वाचस ना?" मी हो म्हणायची.

मग वाचायचं काय? आमच्या युनिटमध्ये याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. सरांची फाइल. कोणत्या केसला काय विचारतात, कोणत्या क्रमानं, कोणतं उत्तर आवडतं, हे वर्षानुवर्षं उतरवत आलेले कागद. ही फाइल लायब्ररीत नसते. ती सीनियरकडून ज्युनियरकडे जाते, पण ठरावीक हातांतून. ज्यांचे आईबाप डॉक्टर, जे एकमेकांच्या घरी जेवतात, त्यांच्यात. त्यांच्याकडे फाइलशिवाय परीक्षेचं ॲपही असायचं. त्यात हजारो प्रश्न आणि समजावून सांगणारे व्हिडिओ. शेवटच्या वर्षाची परीक्षा पास झाल्याशिवाय इंटर्नशिप नाही, आणि त्याशिवाय डॉक्टर म्हणून नोंदणी नाही. माझ्यापुढे तेवढं एकच दार होतं. त्याची किल्ली त्यांच्या खिशात.

पलक माझ्या बॅचमधली. तिच्या आईवडिलांचं अठवा लाइन्सला हॉस्पिटल आहे. मी तिला फाइल मागितली. ती आढेवेढे न घेता म्हणाली, "देती हूँ ना. पर तू मेरी केस हिस्टरी लिख दिया कर. ये लोग क्या बोलते हैं, समझ में ही नहीं आता. तू तो इन्हीं की है."

आमच्या वॉर्डात निम्मे रुग्ण पांडेसरा, उधना, सचिन या गिरण्यांच्या वस्त्यांतले. मिलमधले, लूमवरचे. बरेचसे खानदेशचे. आजारी माणूस आपल्या बोलीत बोलतो. मला ती बोली येत होती. मी लिहून देऊ लागले. आधी पलकला, मग तिच्या चार मैत्रिणींना. बदल्यात फाइलची झेरॉक्स आणि दुपारी एक तास पलकच्या टॅबवर ॲप. त्या तासाला ती कँटीनला जायची.

हिस्टरीत एक ओळ असते. व्यवसाय. पलकनं सांगून ठेवलं होतं, "लेबरर लिख दे, आगे बढ़. सर वो नहीं पूछते." मी लिहीत गेले. मजूर. मजूर. मजूर. पिंपावरचा मजूर, लूमवरचा मजूर, बॉयलरचा मजूर, सगळ्यांना एकच शब्द. मजुराच्या मुलीनं लिहिलेला.

एकदा मी पडद्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्याची नाडी मोजत होते. पलीकडून पलकचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, "चिंता ना कर. आपणी हिस्ट्री घाटी लखी आपशे." आपली हिस्टरी घाटी लिहून देईल.

इथल्या मोठ्या घरांत धुणंभांडी करणाऱ्या आमच्या माणसाला घाटी म्हणतात. त्याचं नाव काही असो. माझी मावशी वीस वर्षं एका घरी कामाला आहे. त्या घरात तिचं नाव कुणी घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी नाडी मोजत राहिले. आकडा चुकला. पुन्हा मोजली. मग बाहेर जाऊन पलकची हिस्टरी पूर्ण करून दिली.

हे सगळं चाललं असताना आबा खोकत होते.

दोन वर्षं खोकत होते. संध्याकाळी मिलमधून आले की छाती शिट्टीसारखी वाजायची. मी दमा म्हणून सांगितलं. पंप आणून दिला, कसा ओढायचा ते शिकवलं. फाइलमध्ये दम्याचा तक्ता होता. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी. मी आबांना त्या तक्त्यावरून एकेक पायरी चढवत होते. ते शेजाऱ्यांना सांगायचे, "मनी पोर माले तपासस."

दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही पंधरा दिवस गावी जायचो. तिथं गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आबांचा खोकला थांबायचा. माय म्हणायची, "गावनं पानी मानवस." सगळे म्हणायचे. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मिलवाल्याला गावचं पाणी मानवतं. परत आल्यावर सगळे पुन्हा खोकतात, आणि सुरतेच्या पाण्याला नावं ठेवतात.

मीही मान डोलावली होती. चार वर्षं वैद्यक शिकलेली मी. गावचं पाणी मानवतं म्हणाले होते.

आबा एका दुपारी कलर किचनमध्येच गेले. पिंप घोटता घोटता बसले, मग आडवे झाले. बरोबरचे लोक रिक्षातून आमच्याच हॉस्पिटलात घेऊन आले. मी दोन मजले वर होते. तो माझा ॲपचा तास होता. मूत्रपिंडावरचे प्रश्न सोडवत होते. फोन पिशवीत, आवाज बंद. खाली उतरले तेव्हा आबांच्या मृत्यूच्या नोंदीचा कागद तयार झाला होता. कुणा इंटर्ननं घाईत भरलेला. नाव, वय, आणि पुढं माझ्या ओळखीचा शब्द. लेबरर.

दहा दिवस लोक दारावर येत होते. बायका मायच्या गळ्यात पडायच्या आणि माझ्याकडे पाहायच्या. बोलली ती मायच. नवव्या दिवशी, भांडी विसळताना, माझ्याकडे न पाहता.

"तू दवाखानामा ऱ्हास. तुले कसं समजनं नही व?"

त्या दुपारी मी पेटी उपसली आणि आबांचं पुस्तक काढलं. दम्याचं प्रकरण उघडलं. उपचाराची पानं खरंच जुनी होती. त्याच्या आधी दोन पानं कामामुळे होणाऱ्या दम्यावर होती. तिथं कारखान्यातल्या धुळीची, रंगांची यादी होती. आणि एका वाक्याखाली कुणा अनोळखी विद्यार्थ्यानं पेन्सिलनं दोनदा रेघ ओढली होती. रुग्णाला विचारा, सुट्टीच्या दिवशी, किंवा कामापासून लांब गेल्यावर, त्रास कमी होतो का.

एवढंच विचारायचं होतं. मला तर विचारायचीही गरज नव्हती. मी आखाजीला त्यांच्या शेजारी बसून जेवत होते.

नंतर मी लायब्ररीत जाऊन नवी आवृत्ती पाहिली. तिच्यातही ते वाक्य आहे. शब्द थोडे बदललेत. ते पान कोरं करकरीत होतं, कुणी उघडलेलं दिसलं नाही. ते वाक्य फक्त फाइलमध्ये नाही, कारण सर ते विचारत नाहीत. आणि माझ्या घरात ते होतं. मी ते कपड्यांखाली घातलं होतं, कारण बारा जण हसले होते.

काम सोडलं असतं तर आबा जगले असते का, मला माहीत नाही. सोडून खाल्लं काय असतं, हेही माहीत नाही. पण निवड त्यांची असती. मी त्यांच्यापासून ती लपवली.

चौदाव्या दिवशी कॉलेजला गेले. पलकनं मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "सुन, यूनिट में तीन नये पेशंट आये हैं. तेरी भाषावाले."

"तू पूछ," मी म्हणाले.

"मतलब?"

"तू डॉक्टर होणार आहेस ना? तू विचार. नाही समजलं तर पुन्हा विचार. मी लिहून देणार नाही."

हे मी मराठीत म्हणाले. चार वर्षांत तिच्याशी पहिल्यांदा. तिला नीट समजलं. त्याच दुपारी टॅबचा पासवर्ड बदलला.

मी लायब्ररीत नवी आवृत्ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दुपारी वॉर्डात जायची. प्रत्येक कॉटपाशी बसून विचारायची. काम काय? नुसतं मिल नाही, मिलमध्ये कुठं? हातानं काय उचलता? श्वासात काय जातं? सुट्टीला कसं वाटतं? सचिनच्या मिलमधला एकजण डोळे मोठे करून म्हणाला, "सुट्टीना दिन बरं वाटस ना ताई! तुमले कसं ठाऊक?" मला कसं ठाऊक, ते मी त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या परीक्षेत सविस्तर तपासून मांडायची लाँग केस मिळाली ती दम लागणाऱ्या माणसाची. सर होते, आणि बाहेरगावाहून आलेले एक परीक्षक. मी हिस्टरी सांगायला सुरुवात केली. व्यवसायाच्या ओळीवर आले आणि थांबले नाही. कलर किचन, पावडर, नऊ वर्षं, सुट्टीला आराम.

सर म्हणाले, "लेबरर छे. आगळ चालो."

"सर, अजून झालं नाही," मी हिंदीत म्हणाले. "निदान याच्यातच आहे."

"मैंने कहा, आगे बढ़ो."

"आगे बढ़ी तो ये फिर वहीं काम पर जायेगा, सर."

बाहेरचे परीक्षक टेबलाकडे पाहत राहिले. सरांनी पेन खाली ठेवलं. "यहाँ तुम परीक्षा देने आयी हो, भाषण देने नहीं. जा सकती हो."

उपचारापर्यंत मला पोचूच दिलं नाही. या वेळी मला सगळे नवे उपचार येत होते.

मेडिसिनच्या प्रॅक्टिकलमध्ये मी नापास झाले. पलक पास झाली. निकालाच्या संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज मऊ होता. "सर दिल के बुरे नहीं हैं. मिलकर सॉरी बोल दे. नयी फाइल भी मैं भेज देती हूँ. एक ओळीसाठी कशाला अडतेस?" शेवटचं वाक्य तिनं मोडक्या मराठीत, माझ्यासाठी जुळवून म्हटलं होतं.

मी तिला सांगितलं, फाइल पाठवू नकोस. आणि सरांना भेटायला मी जाणार नाही.

मायला नापास म्हणजे काय ते कळतं. तिनं विचारलं, आता? मी म्हणाले, पुन्हा बसेन.

सहा महिन्यांनी पुरवणी परीक्षा आहे. नव्या आवृत्तीतली प्रत्येक मात्रा, प्रत्येक पायरी मला तोंडपाठ असेल. अज्ञानाचं कारण मी त्यांच्या हाती लागू देणार नाही. समोर बहुधा तेच सर असतील. ते म्हणतील, पुढं चला. मी चालणार नाही. माणूस काय काम करतो ते आधी पूर्ण सांगेन, मग पुढं जाईन. पुन्हा नापास केलं तर पुन्हा बसेन. त्यांच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. मी पंचवीस वर्षांची आहे.