प्रिंटर सापडला नाही

ऑफिसात रद्दी साठते तशा गोष्टीही साठतात. रद्दी विकता तरी येते. गोष्टी कुणाला सांगितल्याशिवाय सुटका नाही.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमची एका खोलीची कंपनी. मी आणि प्रशांत प्रोग्राम लिहायचो, रफिकभाई मशिनी सांभाळायचे. आमचा प्रोग्राम गावोगावच्या दुकानांतले प्रिंटर शोधायचा आणि इथूनच त्यांच्याकडे छपाई पाठवायचा.

*

पहिली टेस्ट. प्रोग्रामला प्रिंटर सापडला! प्रशांतनं पाठवलं, "नमस्कार, मी आलो." स्क्रीनवर 'छपाई पूर्ण'. आमच्या प्रिंटरमधून चिटोरंही नाही. पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच!

वायफाय आम्ही शेजारच्या डाळमिलचं वापरायचो. थोड्या वेळानं तिथले मॅनेजर कागद नाचवत दारात. "कोन आहे बाप्पा हा? घडीघडी 'मी आलो' म्हनते, दिसत तं एकदाही नाही!"

*

मुकुटबनच्या कृषी केंद्राच्या मालकांचा फोन. "इथं 'प्रिंटर सापडला नाही' येऊन राह्यलं."

प्रशांत म्हणाला, "भाऊ, वायर पाहा बरं."

"वायर कायले पाहू? प्रिंटर माह्या मांडीले लागून आहे! तुमच्या प्रोग्रामले म्हना, जरा मान वळवून पाह्य!"

*

मग प्रशांतला पुण्यात नोकरी लागली. पेढे आम्हीच वाटले. तो गेल्यावर खोली उगाच मोठी वाटायला लागली. टपरीवाला चहा तीनच आणायचा, आणि त्याला कुणी काही सांगायचं नाही.

एका दुपारी आमचा प्रिंटर आपोआप गुरगुरला. प्रशांतच्या लॅपटॉपवर अजून आमचाच प्रिंटर लावलेला. बटण पुण्यात दाबलं, कागद लोहाऱ्यात निघाला! वर लिहिलेलं, 'वरण-भात, एका माणसासाठी', खाली कृती.

रफिकभाईंनी वाचलं. "मॅडम, लेकरू उपाशी आहे!"

मी फोन लावला. म्हटलं, "फोडणीत हिंग विसरू नको."

*

प्रशांतची आई केळापूरला एकटी. मोबाइलवर फोटो नीट दिसत नाहीत म्हणून त्यानं रफिकभाईंकडून आईच्या घरी प्रिंटर बसवून घेतला आणि पुण्याहून आपले फोटो छापायला पाठवू लागला. काकू ते भिंतीवर चिकटवायच्या. दिवाळीलाही तो आला नाही, फोटो आला.

मग छपाई थांबली. प्रशांतनं रफिकभाईंना बघायला सांगितलं, मीही सोबत गेले. मशीन ठणठणीत. कोऱ्या कागदांचा गठ्ठा मात्र कपाटात!

"काकू, कागद काहून काढले?" रफिकभाईंनी विचारलं.

"कागद येऊन राह्यले," काकू म्हणाल्या, "म्हनून तो येऊन नाही राह्यला."

रफिकभाईंनी गठ्ठा उचलला. थोडा वेळ हातात धरला, पुन्हा कपाटात ठेवला. तिथूनच प्रशांतला फोन लावला.

"पार्ट गेला रे बाबा. इकडं भेटत नाही. तुलेच घेऊन या लागन."

"कोनता पार्ट, रफिकभाई?"

"तू निघ तं पहिले! गाडीत बसला का सांगतो."