काडेपेटीचा शिधा

आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, राष्ट्रगीताला ताठ उभे राहतात. 'भारत माता की जय'ला तर गल्लीतली कुत्री जागी होतील असा आवाज काढतात. पण संविधानाच्या उद्देशिकेतला एक शब्द मात्र दर वेळी गिळून टाकतात. रिठदच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथं झेंडावंदनाला ते पहिल्या रांगेत असतात. मुलं म्हणतात, "सार्वभौम", मोठेबाबाही म्हणतात. मुलं म्हणतात, "समाजवादी", आणि मोठेबाबांचे ओठ घट्ट मिटलेले. पुढच्या शब्दाला तोंड पुन्हा उघडतं आणि 'लोकशाही' ते एवढ्या जोरात म्हणतात की पोरं फिदीफिदी हसतात.

मी नागरिकशास्त्र शिकवते. त्यामुळं हे तोंड मिटणं माझ्या डोक्यात जायचं.

"मोठेबाबा, तो शब्द काहून म्हणत नाई तुमी?"

"मले पटत नाई. एकाची भाकर हिसकून दुसऱ्याले देनं, हे कोनतं शहानपन हाये?"

"मग लोकशाही कशी पटते?"

"ते मतदानाचं हाये. मत माहं, बोट माहं. तिथं कोनाचं फुकट खाल्लं मी?"

हा वाद आमचा ठरलेला. जागाही ठरलेली, शेटजींच्या किराणा दुकानाचा ओटा. शेटजी गावातले एकमेव जैन दुकानदार, मोठेबाबांचे शाळासोबती. गिऱ्हाईक नसलं की ते चष्मा कपाळावर सरकवून न्यायाधीश होत. मी पुस्तक उघडून सांगायचे की समाजवाद म्हणजे उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची. मोठेबाबा म्हणायचे, "पाह्य, पाह्य, माह्या वावरावर डोया हाये हिचा!" मी म्हणायचे, अहो, मोफत धान्य, मोफत शिक्षण, बायकांना एसटीचं अर्धं तिकीट, हे सगळं लोकांनी निवडून दिलेलं सरकार करतं. ते म्हणायचे, "मंग तेच तं सांगून राह्यलो. देश समाजवादी झाला अन् बसला फुकट खात."

एकदा शेटजी वैतागले. म्हणाले, "सोच जरा, भौ. दुकान कोनाचं? माह्यं. साबनाचा भाव कोन ठरवते? मी. तुह्यं वावर कोनाच्या नावावर? सातबारा पाह्य. मंग समाजवाद आला कुठून? रेशनचे तांदूळ वाटले म्हनून माह्यं दुकान सरकारचं होते काय?"

यावर मोठेबाबा उठून घरी गेले. हरले की ते उठून घरी जातात. मीही पुस्तक मिटलं, कारण शेटजींनी एकाच दगडात आम्हां दोघांनाही पाडलं होतं. उद्देशिकेत शब्द आहे म्हणजे देश समाजवादी, असं मी छातीठोक सांगत होते. योजना आहेत म्हणजे देश समाजवादी, असं मोठेबाबा. आणि शेटजी आपले साबण पुसत बसलेले.

आता गंमत पाहा. फुकट म्हटलं की ज्यांच्या अंगावर काटा येतो, ते मोठेबाबाच दर वर्षी मारोतीच्या जयंतीला अख्ख्या गावाला फुकट जेवू घालतात! आमच्याकडं भंडाऱ्याला रोडगे असतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून त्यावर तुरीचं वरण ओतायचं, सोबत वांग्याची भाजी. शिधा गोळा करायचं काम मोठेबाबांचं. ज्याचं वावर मोठं त्याच्याकडून कट्टा, म्हणजे लहान पोतं, भरून गहू, लहान शेतकऱ्याकडून पायलीभर. शेटजींकडून तेल आणि मीठ, आणि त्यांच्या घरच्यांसाठी कांदा-लसणाशिवायच्या वरणाचं वेगळं गंज, म्हणजे पातेलं. ज्याच्या घरी काहीच नाही त्यानं वांगी चिरायची, गोवऱ्या रचायच्या. मोठेबाबांचा एकच नियम: शिध्याशिवाय कोणी जेवायचं नाही आणि पंगतीत कोणाचं वरण कमी पडायचं नाही. वरणाची बादली ते दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. पत्रावळीसमोर उभे राहिले की चेहऱ्यावरून त्यांना कळतं, कोणाला हवंय पण लाजतोय.

कळतं म्हणजे कळायचं. कारण मोठेबाबांना एकच डोळा. डावा लहानपणीच कपाशीची पऱ्हाटी उपटताना फांदी लागून गेला. उजव्यात दोन वर्षांत मोतीबिंदू पिकला, आणि हे कोणाला सांगतील तर शपथ.

एका वर्षीच्या भंडाऱ्यात ते उघडं पडलं. पंगतीच्या टोकाला आमच्याच गल्लीतले एक म्हातारे बसले होते. गरीब स्वभाव, कधी 'मले दे' म्हणणार नाहीत. मोठेबाबांनी पळी भरून वरण ओतलं ते पत्रावळीच्या बाजूला, जमिनीवर. आणि पुढं गेले. म्हाताऱ्यांनी हूं की चूं केलं नाही, कोरडा रोडगा पाण्यासोबत खाल्ला आणि उठले. संध्याकाळी झाडझूड करणाऱ्या बायकांकडून मोठेबाबांना हे कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ओसरीवर बसून मला म्हणाले, "मास्तरीन, माह्या पंगतीत मानूस कोरडा उठला वं." डोळ्याचं लपवलं म्हणून मला त्यांच्यावर रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं.

तरी डॉक्टरांकडं यायला त्यांनी हिवाळा उजाडू दिला. डॉक्टरांनी डोळा पाहून सांगितलं की मोतीबिंदू फार पिकलाय, आता थांबलं तर आत दाब वाढून उरलेला डोळाही कायमचा जाईल. अकोल्याच्या खाजगी डॉक्टरांकडं दीड महिन्यानं नंबर होता. वाशीमच्या सरकारी दवाखान्यात त्याच आठवड्यात होत होतं आणि तेही मोफत. 'मोफत' हा शब्द मी हळूच उच्चारला, पण कान शाबूत होते ना!

"फुकट? मी?"

"मग आंधळे व्हा!" मी ओरडले. मास्तरकीची सवय, आवाज शेटजींच्या दुकानापर्यंत गेला.

रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "येतो. पन शिधा नेईन." मला वाटलं, थट्टा आहे. दवाखान्याच्या दिवशी दारात ऑटो आला तर मागच्या सीटवर अर्धा कट्टा तुरीची डाळ! घरची, चाळून पाखडून, कट्ट्याचं तोंड सुतळीनं शिवलेलं. मी कपाळाला हात लावला आणि कट्ट्याला टेकून वाशीमपर्यंत गेले.

दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या साहेबांनी आधी कट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हे काय?"

"शिधा," मोठेबाबा म्हणाले.

"बाबा, आमाले घेता येत नाई. लिहू कुठं? इथं नाव, वय, गाव अन् डोया, येवढंच हाये."

"मंग डोयाच्या खाली डाळ लिवा."

सगळे हसले. मीही हसले, हे कबूल करते. पण हिरवा गाऊन घालून झाला, डोळ्यात थेंब टाकून झाले, तरी मोठेबाबा बाकावरून उठेनात. कट्टा पायाशी. "घेत असान तं झोपतो. नाई तं नाई." नर्सबाईंनी समजावलं की एकेकाचा नंबर ठरलेला आहे, आज चुकला तर पुढची तारीख महिन्यानंतरची. मोठेबाबा भिंतीकडं तोंड करून बसले. आता माझा तोल गेला. मी त्यांना भर वऱ्हांड्यात सुनावलं. म्हटलं, तुम्ही शिकलात ती शाळा फुकट होती. तुमच्या गाईला सुई टोचायला येतो तो डॉक्टर सरकारचा. ही तुमची पुतणी सरकारी पगार खाते आणि त्यातून तुम्हांला दिवाळीला धोतर घेते, ते बरं चालतं! त्या धोतराचं नाव काढायला नको होतं. त्यांचा चेहरा उतरला, आणि ते जास्तच घट्ट बसले.

त्यांच्या बाजूला एक बाई बसली होती, अनसिंग गावची. साठीच्या पुढची, तिचाही डोळा त्याच दिवशी होता. हातांवरून कळत होतं की जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करण्यात गेला. तिनं विचारलं, "बावाजी, मी तं काईच नाई आनलं. मंग मी फुकटी झाली काय?"

मोठेबाबा चपापले. "तसं नाई वं माय. तुह्यी गोठ वेगळी."

"काहून वेगळी? गरीब हाये म्हनून?" ती हसत होती, पण सोडणार नव्हती. "माह्या नातीनं मले सांगतलं, साबन घे, चप्पल घे, काडेपेटी घे, समद्यावर सरकारचा हिस्सा असते. आपल्याले दिसत नाई, पन जाते. चाळीस वर्सं झाले, मी रोज चूल पेटवून राह्यली. किती काडेपेट्या झाल्या असतीन? माहा शिधा तवाच देऊन झाला. मी माह्यं घ्याले आली. तुमी तुमचं घ्या नाई तं नका घेऊ, पन मले फुकटी म्हनू नका."

मी एवढी वर्षं कर हा धडा शिकवते, प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष, फळ्यावर बाण काढून. पण रिकाम्या हातानं आलेल्या या बाईचा शिधा मला दिसला नव्हता. मीही 'सरकार देतं', 'सरकार देतं' असंच घोकत होते. मला माझीच लाज वाटली.

मोठेबाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्या बाईकडं पाहिलं, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं. मग म्हणाले, "चुकलं माय. असा भंडारा असते, हे मले कोनी सांगतलंच नाई." आणि नर्सबाईंना विचारलं, "कोनाचा नंबर हाये?"

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर मी. त्यांनी डोळा मिचकावला, नीट रोखून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, "अवं, तुह्ये केस कवा पिकले?" असा राग आला मला! आणि असा आनंद झाला की तिथंच त्यांच्या गळ्यात पडून रडले. डाळीचा कट्टा जसा गेला तसाच घरी परत आला. निघताना त्यांनी अनसिंगच्या बाईला भंडाऱ्याचं आवतण दिलं. "रोडग्याले ये. पन शिध्याबिगर पंगत नाई बरं!" दोघंही खदखदून हसले.

सव्वीस जानेवारीला काळा चष्मा लावून मोठेबाबा पहिल्या रांगेत. मी टक लावून होते. मुलं 'समाजवादी' म्हणाली, आणि यांचे ओठ घट्ट! कार्यक्रम संपल्यावर मी गाठलंच. तर म्हणतात, "डोयाचं ऑपरेशन झालं, तोंडाचं नाई. वावर माह्यं, दुकान शेटजीचं, मंग तो शब्द कायले म्हनू? पंगत मातर सगळ्याईची, ते मी कवा नाई म्हटलं?" शेटजींनी ओट्यावरून निकाल दिला की प्रकरण मिटलं. माझ्या मते मिटलेलं नाही. पण मी हल्ली वर्गात हा प्रश्न मुलांपुढं ठेवते, उत्तर लिहून देत नाही.

मारोतीच्या जयंतीला सकाळच्या एसटीनं अनसिंगची बाई खरंच आली. गोवऱ्या रचून झाल्या होत्या. तिनं पदराची गाठ सोडली आणि मोठेबाबांच्या तळहातावर एक कोरी काडेपेटी ठेवली.

"घ्या शिधा. हिस्सा भरून आनली हाये."

मोठेबाबांनी ती कपाळाला लावली. इतकी वर्षं विस्तव पेटवायचा मान कोणाकोणाला मिळाला, त्या वर्षी तो तिला दिला. एका काडीत पेटला. वरण शिजलं ते दवाखान्यातून परत आलेल्या डाळीचं.

पंगत बसली. मोठेबाबा बादली घेऊन निघाले. नेहमी ते देवळाच्या बाजूनं सुरुवात करतात. त्या दिवशी सरळ दुसऱ्या टोकाला गेले, गल्लीतल्या त्या म्हाताऱ्यांसमोर. वाकले. रोडगा स्वतःच्या हातानं फोडला, मधे खळगा केला आणि पळी ओतली. एक थेंब बाहेर नाही. मग दुसरी ओतली. म्हाताऱ्यांनी संकोचून पत्रावळीवर हात आडवा धरला.

"पुरे बापा, पुरे. माह्यं झालं."

"हात काढ," मोठेबाबा म्हणाले. "हे मांगच्या सालचं हाये."