परतसरांचे सात रविवार

परतसर कधी "चुकलं" म्हणत नसत आणि "शाब्बास" तर मुळीच म्हणत नसत. बॉल रिंगमधून गेला तरी "परत", रिंगवर आपटून बाहेर आला तरी "परत". आवाज दोन्ही वेळा तोच. पहिले काही दिवस आम्हा मुलींना कळायचंच नाही, की आपण बरं केलं की वाईट. मग आम्ही ते कळून घ्यायचा नाद सोडला आणि बॉल टाकत राहिलो. त्यांचं खरं नाव भालेराव. समोर आम्ही "सर" म्हणायचो आणि पाठीमागे "परतसर". त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी त्याचा कधी राग मानला नाही.

खरं तर ते कुठल्याच शाळेत सर नव्हते. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासनीस होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मोजायचा. बरोबर असला तर पुढे, नसला तर बाजूला. पहिली पाळी संपवून, घरी चहा घेऊन साडेपाचला ते कारखान्याच्या कॉलनीतल्या बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टावर हजर असायचे. आम्ही अकरा मुली. बहुतेक कॉलनीतल्या, माझ्यासारख्या दोन-तीन स्टेशनजवळच्या, अंबरनाथ पश्चिमेच्या. कोर्टाच्या रिंगांना जाळ्या नव्हत्या, तर सरांनी खाटेच्या नायलॉनच्या पट्टीच्या जाळ्या स्वतः विणल्या होत्या. बॉल त्यात अडकून बसायचा आणि मग आमच्यातली सगळ्यात उंच संगीता काठीने तो खाली पाडायची.

मोजायची सवय कारखान्यात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. उल्हासनगरला सामन्याला गेलो, की खेळाडू मोजे घालायच्या आत सरांची टेप रिंगला लागलेली असायची. एकदा रिंग दोन इंच खाली निघाली. आयोजक हसून म्हणाला, "अरे सर, दो इंच में क्या जाता है? दोनों टीम के लिए सेम है ना!" सर म्हणाले, "सेम कसं? तुमच्या पोरी रोज यावर टाकतात. आमच्या आज टाकणार." शेवटी त्यांनी आमच्यासाठी अर्ध्या तासाचा सराव मिळवलाच. आम्ही हरलो ते हरलोच, पण रिंगवर खापर फोडायची सोय राहिली नाही. काकू, म्हणजे सरांच्या बायको, म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा यांच्या खिशात टेप नव्हती, तेवढं एक माझं नशीब."

आमच्या जर्सींच्या कापडासाठी सर उल्हासनगरला नारीशेठच्या दुकानात जायचे, आणि त्यांच्या आयुष्यातलं मोठं वेड त्यांना तिथेच सापडलं. नारीशेठचा मेहुणा अमेरिकेत होता. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने टीव्हीवरून टेप करून तो भाच्यासाठी पाठवायचा. भाचा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. "साईं, ले जाओ," नारीशेठ म्हणाले, "मेरे लडके को तो खाली क्रिकेट मंगता है." सर सात टेपा पिशवीत घालून घेऊन आले. त्या एकाच मालिकेच्या होत्या, त्या लीगच्या प्लेऑफच्या शेवटच्या फेरीच्या. दुसऱ्या दिवशी कोर्टावर त्यांनी आम्हाला मांडी घालून बसवलं आणि ते प्रकरण समजावून सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना तेव्हा प्रथमच ऐकलं.

"मोसम संपला, की वरचे संघ उरतात," ते म्हणाले. "मग दोन-दोन संघांची गाठ. पण एक सामना नाही. जो आधी चार जिंकेल तो पुढे. लागले तर सातही खेळतात. आज हरलात? परवा या. तीच माणसं, तेच मैदान. आपल्याकडे हरलेल्याला सरबत पाजून घरी पाठवतात. तिथे त्याला परवाची वेळ सांगतात."

आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत असलं काही नव्हतं. एक हरलात की बाहेर. त्या वर्षी ती स्पर्धा माझ्यासाठी साधी नव्हती. माझी बारावी झाली होती. बाबा कल्याणच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांनी आधीच बजावलं होतं, "यंदा काही करून दाखवलंत तर बघू. नाहीतर खेळ बंद. टायपिंगचा क्लास, आणि पुढे स्थळं बघायची." पहिल्याच सामन्यात आम्ही एका गुणाने हरलो. शेवटच्या मिनिटाला मला दोन फ्री थ्रो मिळाले होते. कुणी आडवं येत नाही, घाई नाही, निवांत उभं राहून टाकायचे. दोन्ही चुकले. घरी आल्यावर बाबांनी निकाल विचारला आणि म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून क्लास." ते चिडले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मी चार दिवस कोर्टावर गेले नाही, तेव्हा पाचव्या दिवशी सर आमच्या घरी आले. आईने त्यांना चहा दिला. कप आमच्या रोजच्यातला नव्हता, वरच्या फळीवरून काढलेला होता. मला वाटलं, पाहुण्याचा मान. तो कप धुऊन पुन्हा वेगळा का ठेवला जातो, हे मला कळलं तेव्हा मी बरीच मोठी झाले होते, आणि आजही ते आठवलं की मान खाली जाते. सरांना ते तेव्हाच कळलं असणार. त्यांनी चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि म्हणाले, "देसाईसाहेब, माझ्याकडे सात सामन्यांच्या टेपा आहेत. सात रविवार दुपारी या. बघा. तोवर पोरीला मैदानावर येऊ द्या. सातव्यानंतर तुम्ही म्हणाल ते. मी पुन्हा दारात येणार नाही."

"आणि मला त्यातलं काही कळलं नाही तर?"

"मलाही सगळं कुठे कळतंय? म्हणून तर बोलावतोय."

बाबा भिडस्त होते. समोरच्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांना कचेरीबाहेर जमत नसे. क्लास सात आठवडे पुढे गेला.

सरांच्या घरी, बुद्धाच्या तसबिरीखाली टीव्ही होता. व्हीसीआर उल्हासनगरच्या एका मेकॅनिककडून भाड्याने आणलेला. अमेरिकेतली टेप आपल्याकडे लागत नाही, ती त्याने खटपट करून लावून दिली होती, पण रंग काही आले नाहीत. काळंपांढरं चित्र, मधूनच वर सरकणारं, आणि आवाजात अशी खरखर की त्या वेगवान इंग्रजीतला एक शब्द कळेल तर शपथ. एक संघ पांढऱ्या कपड्यांत, दुसरा काळपट. काकूंनी चहा आणला तेव्हा बाबा म्हणाले, "आत्ताच झाला." तो झाला नव्हता, हे मला ठाऊक होतं. सामना पांढऱ्यांनी जिंकला. बाबा निघताना म्हणाले, "पांढरे बरे आहेत."

दुसऱ्या रविवारी पांढरे जिंकले. तिसऱ्या रविवारीही जिंकले. एव्हाना शेजारची मंडळी येऊ लागली होती आणि अख्खी खोली पांढऱ्यांच्या बाजूची झाली होती. चौथ्या रविवारी सामना अगदी अटीतटीला आला. त्या भरात बाबांनी काकूंच्या हातातला कप न बघता घेतला आणि पिऊन टाकला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पांढरे चौथ्यांदा जिंकले. बाबा टाळ्या वाजवत म्हणाले, "चला, चार झाले. संपलं. पण भालेराव, मग उरलेल्या तीन टेपा कसल्या?"

सरांनी टेपा पुन्हा मोजल्या, सातच निघाल्या. चार जिंकले की संपतं, हे तर त्यांनीच सगळ्यांना सांगितलेलं. तो आठवडा त्यांचं कोर्टावर लक्ष नव्हतं. एकदा तर ते "परत" म्हणायचं विसरले. उल्हासनगरला जाऊन त्यांनी नारीशेठला विचारलं, "तुमच्या मेहुण्याने एकच मॅच चार वेळा तर नाही ना पाठवली?" नारीशेठ दुखावले. म्हणाले, "सर, मेरा साला आळशी है, चोर नहीं है."

पाचव्या रविवारी सर टीव्हीपासून हातभर अंतरावर, एक डोळा मिटून बसले. पुन्हा पांढरे जिंकले. लोक उठायला लागले तसं सरांनी हात वर केला. पहिली टेप घातली, थोडी चालवली, काढली. मग पाचवी घातली. "तो बघा," ते म्हणाले, "टकला. डाव्या गुडघ्याला पट्टा. पहिल्या रविवारी पांढऱ्यात होता. आज काळ्यात आहे."

"विकत घेतला असेल," कुणीतरी म्हणालं.

"एकटा नाही. सगळे बदललेत." सरांनी चष्मा काढून पुसला. "अहो, ज्याच्या गावात सामना, तो पांढरे कपडे घालतो. पहिले दोन सामने एका गावात. नंतरचे तीन दुसऱ्या. आपण दोघांनाही टाळ्या वाजवल्या. टकल्याचा संघ दोन जिंकलाय आणि ओळीने तीन हरलाय."

खोलीत हशा पिकला. एकटे बाबा हसले नाहीत. हिशेबनीस चुकीच्या पानावर सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. "म्हणजे मी नक्की कुणाचा?" त्यांनी विचारलं. आणि स्वतःच थोडा विचार करून म्हणाले, "पहिल्या दिवशी ज्यांचा होतो त्यांचा. टकल्याचा."

सहावा सामना टकल्याच्या गावात. हरले की मालिका गेली. बाबा त्या दिवशी जेवून लगेच निघाले, माझ्याही आधी. सामना शेवटाला आला, टकल्याचा संघ एका गुणाने पुढे, आणि टकल्याला दोन फ्री थ्रो मिळाले. त्याने दोन्ही घालवले. मी बाबांच्या मागे बसले होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांच्या नशिबाने समोरच्यांचा शेवटचा बॉल रिंगवरून बाहेर आला आणि ते वाचले. तीन-तीन.

सातव्या रविवारी सामना सुरू झाला आणि पहिल्याच पाच जणांत टकला दिसला. बाबा पुढे सरकले. "यालाच पुन्हा उतरवलं? परवा दोन्ही घालवलेत यानं!"

"मग कुणाला उतरवणार?" सर म्हणाले. "त्यांचा तोच आहे."

टकला त्या दिवशी जिवाच्या आकांताने खेळला आणि तरीही त्याचा संघ चार गुणांनी हरला. मला वाटलं, आता माझंही संपलं. सरांनी टेप काढून डब्यात ठेवली. ठरल्याप्रमाणे त्यांनी बाबांना काहीही विचारलं नाही, काकूंनी फक्त रिकामे कप गोळा केले. आम्ही दोघं चालत घरी निघालो. अर्धी वाट संपली. मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या किती वाजता असतं तुमचं?"

"साडेपाचला."

"मग क्लास सकाळचा घे."

मी पुढे सहा वर्षं खेळले. राज्याच्या संघात दोनदा निवड झाली, त्यातली एकदा बाकावरच बसून होते, तेही सांगायला हवं. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मी सरांकडे गेले, तेव्हा ते निवृत्त होऊन बदलापूरला, कुळगावात राहायला गेले होते. पेढा तोंडात टाकत त्यांनी विचारलं, "फ्री थ्रो दहातले किती पडतात हल्ली?" मी म्हटलं, "सात." ते म्हणाले, "परत." काकू म्हणाल्या, "अहो, पोरगी पेढे घेऊन आलीये!" तेव्हा कुठे ते हसले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, छातीत दुखण्याचं निमित्त होऊन सर एका दुपारी गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या दारात मांडव घातला होता. आम्ही अकरापैकी नऊ जणी आलो होतो, काही कडेवर पोरं घेऊन. बाबा मागच्या खुर्चीत बसले होते. कारखान्यातले दोघं-तिघं बोलले, संगीता बोलता बोलता रडली. मग कुणीतरी विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" आणि बाबा उठले. चारचौघांत बोलायला उभं राहिलेलं मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. माईक हातात घेतला, पण तो तोंडाजवळ न्यायचं त्यांना सुचलं नाही.

"मी हेडक्लार्क होतो," ते म्हणाले. "छत्तीस वर्षांत मी एकदा नामंजूर केलेला कागद पुन्हा माझ्या टेबलावर आला नाही. कुणाची हिंमत नव्हती. एकच आला. तो हे भालेराव घेऊन आले होते." त्यांनी हात उचलून मी बसले होते त्या बाजूला दाखवलं. "ती तिथे बसलीय."

काकूंनी उठून बाबांच्या हातातून माईक घेतला. सर गेल्यापासून चार दिवस मी रडले नव्हते, तिथे मात्र मला आवरलं नाही.