देव समोरच्या घरी

मुलीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला तेव्हा सगळ्यांनी केमिकल कंपन्यांच्या वासाकडे बोट दाखवलं. डोंबिवलीत खोकला म्हटलं की दुसरं कारण शोधायची कुणाला गरजच वाटत नाही. आम्हीही खिडक्या लावून घेतल्या आणि घरात उकडत बसलो. डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा विचारलं, "घरात झुरळं आहेत का?"

मी म्हटलं, "डॉक्टर, कुणाच्या घरात नसतात?"

ते हसले नाहीत. झुरळांची घाण, त्यांच्या कातीचे तुकडे, सगळं वाळून धुळीत मिसळतं आणि हिला त्याचाच त्रास होतोय, म्हणाले. श्वासाचा पंप लिहून दिला. निघताना मला दारापाशी थांबवलं. "आजोळी बरी राहते म्हणता ना? घर साफ होत नसेल तर दिवाळीनंतर तिकडच्याच शाळेत घाला."

तिचं आजोळ कल्याणला, म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. पण दुसरीतल्या पोरीने घर सोडायचं आणि झुरळांनी ऐसपैस राहायचं, हा कुठला न्याय? मला इतका संताप आला की घरी आल्यावर ओट्यावर जे पहिलं दिसलं ते हातानेच चिरडलं.

त्या दिवसापासून मी माणसात राहिले नाही. रद्दी विकली, खोके फेकले, सिंकखाली डांबरगोळ्या टाकल्या, मोरीच्या जाळीवर रोज उकळतं पाणी ओतलं. बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून गोळ्या केल्या आणि फ्रिजमागे, गॅसमागे, कपाटामागे सरकवल्या. साखर, पोहे, मसाले, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत गेलं. नवरा म्हणाला, "अगं, उद्या मलाही डब्यात घालून झाकण लावशील." मला हसूसुद्धा आलं नाही.

मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. अख्खं स्वयंपाकघर बाहेर काढलं. तो फवारा घेऊन फ्रिजशेजारच्या देव्हाऱ्याकडे वळला तशा आम्ही सासू-सुना एकदमच ओरडलो, "तिथे नाही!" एरवी आमचं दोघींचं चटकन एकमत होत नाही.

देव्हारा फणसाच्या लाकडाचा, सासऱ्यांनी गावी स्वतःच्या हाताने केलेला. ते गेल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला रोज कोरड्या फडक्याने पुसायच्या. विषाचा फवारा लागलेल्या लाकडात देव कसे ठेवायचे? म्हणून तो देवांसकट उचलून समोरच्या काकूंकडे न्यायचं ठरलं. नवऱ्याने एक बाजू धरली, मी दुसरी. आई पुढे घंटी घेऊन. घरातला वास गेल्यावर देव्हारा तसाच वाजतगाजत परत आला.

थोडे दिवस शांततेत गेले. मग पुन्हा फ्रिजच्या रबरात मिशा हलताना दिसल्या. दुसऱ्यांदा औषध मारलं, देव पुन्हा समोर गेले, पुन्हा आले. पाठोपाठ झुरळंही आली. काकू चिडल्या होत्या. "तुमच्याकडे औषध मारलं की पळून माझ्याकडे येतात गं. माझ्याकडे एक नव्हतं हो आधी!" मी त्यांची माफी मागितली. पळूनच जात असणार, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

आणि खोकला काही थांबेना. दिवेलागणीला मुलगी आजीच्या मांडीला मांडी लावून देव्हाऱ्यासमोर बसायची, शुभंकरोती म्हणायची, नैवेद्याची साखर खायची. अर्ध्यावर आली की धाप लागायची. उदबत्तीच्या धुराने होत असेल म्हणून आईंनी उदबत्ती बंद केली. जन्मभराची सवय, पण एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. तरी धाप होतीच. त्यातच एकदा तिने विचारलं, "मी कल्याणला गेले की झुरळं माझ्या गादीवर झोपतील का?" मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. माझे सगळे उपाय संपले होते. शाळेचा दाखला काढायचा अर्ज नवऱ्याने पाकिटात घालून ठेवला होता आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

तिसऱ्यांदा औषध मारायला माणूस आला तेव्हा मुलगी आजोळी होती आणि काकू दाराला कुलूप लावून लेकीकडे गेलेल्या. देव्हारा न्यायचा कुठे? जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवला. शेजारी खुर्ची टाकून आई राखण करत बसल्या. आतलं आटोपून तो माणूस आमच्या दाराच्या चौकटीवर फवारा मारायला लागला आणि त्याचे थोडे तुषार बाहेर आले.

आधी मागच्या फळीतून एक मिशी आली. मग ती फळी जिवंत झाली. कळसाखालून, खणातून, लाल वस्त्राच्या घडीतून झुरळं बाहेर पडली, लहान-मोठी, तांबूस, मोजता न येण्याइतकी. अन्नपूर्णेवरून गेली. रांगत्या बाळकृष्णाच्या हातावरून एक पिल्लू गेलं. तूप, साखर, समईची ऊब, आणि कुणी कधी हात लावणार नाही अशी जागा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोन वेळा घंटी वाजवत.

मला किळस आली नाही. मला फक्त माझी पोर दिसली, हात जोडलेली, नाक देव्हाऱ्याच्या कडेला टेकवलेली, रोज संध्याकाळी. मी जिन्याच्या पायरीवर बसले.

आई उठल्या. "ताट आण," म्हणाल्या. एकेक देव उचलून पदराने पुसला आणि ताटात ठेवला. मग त्या माणसाला म्हणाल्या, "हं, मार आता."

तो बिचकला. "आजी, देवाचं आहे ते."

"देव माझ्याकडे आहेत. ते नुसतं लाकूड आहे."

पण नुसतं लाकूड नव्हतं ते. फवारा चालू असताना त्यांनी ताट छातीशी घट्ट धरलं होतं. लाकडाच्या सांध्यासांध्यात अंडी होती. देव्हारा पुन्हा घरात आला नाही, आणि तो कुठे टाकला हे आईंनी नवऱ्याला कधी विचारलं नाही.

खोकला एका दिवसात गेला नाही. पंप अजून कपाटात आहे, डॉक्टर तपासतात, मान हलवतात, थांबून बघू म्हणतात. पाकिटातला अर्ज अजून पाकिटात आहे.

मुलगी कल्याणहून आली त्या संध्याकाळी आईंनी देव पाटावर मांडले, निरांजन लावलं. ती शुभंकरोती म्हणत होती तेव्हा आईंनी हात जोडले नाहीत. त्यांचा तळवा तिच्या पाठीवर होता. ती दोनदा थांबली, पण शेवटपर्यंत गेली. साखर तिथल्या तिथे खाऊन झाली, पाट पुसला, आणि आईंनी देव उचलून माझ्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवले. मला ते बघवेना. म्हटलं, "आई, निदान झाकण थोडं उघडं ठेवूया. देव गुदमरतील हो."

त्यांनी दोन्ही हातांनी झाकण दाबून बसवलं.

"देव गुदमरत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "ती गुदमरते."