तूने मुझे किताब दी

देशमुखाच्या पोरानं किताब माझ्या पायापाशी टाकली अन् मोठ्यानं म्हणला, "मैंने तुझे किताब दी."

धुळीत पडली. पानं उघडी. पोरं खिदळली.

निजामाचं राज होतं. हिंगोलीच्या शाळेत सगळं उर्दूतून. कोणी कोणाला काय दिलं, हे सांगायचा धडा चालू होता. मास्तरनं रीत काढली. एकानं किताब द्यायची अन् 'तुला दिली' म्हणायचं. दुसऱ्यानं घ्यायची अन् 'मला दिली' म्हणायचं. पोरं दोघं-दोघं उठत होती. हातातून हातात. हसत-खेळत. मी महाराचं पोरगं. उंबऱ्याबाहेर, पायताणांपाशी बसायचो. माझी पाळी आली तवा आनंदानं छाती धडधडून राहिली होती. घरी आईपुढं, शेळीपुढं घोकून आलो होतो ना!

"उचल," मास्तर म्हणले. "बोल, तूने मुझे किताब दी."

मी वाकलो. वाकायची सवयच हाडात. ओट्यावरून टाकलेली भाकर झेललेली. वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यालेलं. त्याचं तवर कधी काही वाटलं न्हाई, खोटं काहून बोलू? पण टाकायचं त्यांनी, अन् 'दिलं' म्हणायचं मी? माझ्याच तोंडानं? अंगाची लाही लाही झाली. अर्धा वाकलेला मी सरळ झालो.

"त्यानं मला दिली न्हाई, मास्तर. खाली टाकली."

मग छडी आली. तीबी लांबून, फेकून. हातात धरून मारलं तर विटाळ व्हतो ना त्यांना! नडगीवर बसली. "म्हणल्याबिगर शाळेत पाय ठेवायचा न्हाई," मास्तर ओरडले.

घरी बाप डोकं धरून बसला. मला शाळेत घ्यावं म्हणून त्यानं किती जणांचे पाय धरले होते. "म्हण ना लेकरा. दोन शब्द तर हायेत. तुझं काय झिजतं?"

"झिजतं, बा."

त्यानं हात उगारला. आई चुलीपुढून म्हणली, "नको म्हणू रे, लेकरा." एवढंच. बापाचा हात खाली आला.

सकाळी गेलो. दाराशी उभा राहिलो.

"बोलतोस?" मास्तरनं इचारलं.

"हातात द्या. मग बोलतो."

त्यांनी दार लावून घेतलं. आतून पोरांचं घोकणं येऊन राहिलं होतं. मला सगळं पाठ होतं, त्यांच्याहून बराबर. रडू आलं. गिळलं. शाळा जाते तर जाऊ दे, म्हणलं.

पुढं लई जण आले. कोणी दया घेऊन, कोणी सवलत घेऊन, वरून सोडायला. वर 'दिलं म्हण' हा हट्ट. न्हाई म्हणणार. फेकलेल्याला दिलेलं म्हणणार न्हाई, मरेस्तोवर न्हाई. डोळ्याला डोळा भिडवून, हाताला हात लावून देणार असाल तर या. न्हाई तर तुमचं तुमच्यापाशी ठेवा. आमी आमचं घेऊ.