मावशींच्या तीन बरण्या

शेजारच्या सुमनमावशींच्या फडताळात लोणच्याच्या तीन बरण्या असतात. एक नासली तरी दोन राहाव्यात, म्हणून मावशी वर्षभराचं लोणचं तिन्हींत वाटून भरतात. दोन वर्षांपूर्वी याच बरण्या दाखवून मी त्यांना पटवलं होतं, "मावशी, पैशांचंही असंच करायचं. थोडे आपल्या शेअर बाजारात, थोडे ब्राझीलच्या, थोडे कोरियाच्या. इकडे पडलं तरी तिकडे सावरतं." त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव मोडली.

आज सकाळी मोबाइल उघडला, तर तिन्ही बाजार लालच लाल. एकाकडे रात्र असते तेव्हा दुसऱ्याकडे दिवस, इतके हे देश लांब. पण तिन्हीकडे पैसा लावणारे मोठे परदेशी गुंतवणूकदार तेच होते. ते घाबरले आणि सगळीकडून एकदमच बाहेर पडले. मी आपला नकाशावरची अंतरं बघत राहिलो.

मावशींना हे सांगताना माझी मान वर होईना. मावशी भिंतीला धरून उठल्या. "असू दे. लोणचं घेऊन जा," म्हणाल्या.

पहिली बरणी संपत आली होती, म्हणून तिच्यात घातलेलाच चमचा मी दुसरीत घालायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"अरे, असं नको. एकीला बुरशी असली तर तिघींना लागेल."

तेव्हा कुठे मला दिसलं, प्रत्येक बरणीपाशी तिचा वेगळा, कोरडा चमचा होता. दोन वर्षांपूर्वी मी नुसत्या बरण्याच मोजल्या होत्या.